लिंबाचा धडा

लग्न ठरलं तेव्हा मित्रांनी त्याला विचारलं होतं, सासू काय करते. तो म्हणाला, सासू अभ्यासक्रम करते. मित्र हसले, पण ते अक्षरशः खरं होतं. त्याच्या होणाऱ्या बायकोची आई राष्ट्रीय अभ्यासक्रम मंडळात विज्ञान विभागाची प्रमुख होती. देशभरातल्या मुलांनी विज्ञानात काय शिकायचं, कोणत्या क्रमाने शिकायचं आणि वर्षाच्या कोणत्या आठवड्यात शिकायचं, हे सगळं त्यांच्या टेबलावरून ठरून खाली यायचं. आणि खाली म्हणजे कुठे, तर इतर हजारो शिक्षकांबरोबर याच्याही डोक्यावर. तो एका शाळेत विज्ञान शिकवायचा.

लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासूबाईंसमोर तो जरा अवघडूनच बसायचा. त्या त्याला अहो-जाहो करायच्या, जेवणाच्या टेबलावर त्याला आधी वाढायच्या, आणि मग सहज विचारायच्या, "प्रकाशाचा धडा मुलांना जड जातो का हो?" त्याला वाटायचं, आपली तोंडी परीक्षाच चालू आहे. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची. ती म्हणायची, आईसमोर बसलास की तुझा चेहरा पहिल्यांदा चष्मा लागलेल्या माणसासारखा होतो.

त्या वर्षी त्याला पहिल्यांदाच सहावीचा वर्ग मिळाला. मंडळाकडून आलेला आठवड्यांचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर टांगलेला असे आणि तपासणीला येणारे साहेब मुलांकडे बघायच्या आधी त्या तक्त्याकडे बघत. अकराव्या आठवड्यात ‘विजेची ओळख’. त्यात लिंबाचा प्रयोग. लिंबात एका बाजूला तांब्याची तार खुपसायची, दुसऱ्या बाजूला जस्ताचा मुलामा असलेला खिळा, अशी चार लिंबं एकापुढे एक जोडायची, आणि शेवटच्या दोन टोकांना विजेरीतला छोटा बल्ब लावायचा. सहावीच्या पुस्तकात पुढे छापलेलं होतं : ‘बल्ब मंद प्रकाशतो.’ शेजारी चित्र होतं. चित्रातला बल्ब मात्र मंद नव्हता, चांगला लखलखत होता.

हा आठवडा साऱ्या देशात एकच असल्यामुळे त्या दिवसांत बाजारात लिंबं मिळायची मारामार. शाळेजवळचा भाजीवाला तर शिक्षकांच्या आधी तयारीत असायचा. त्याने शुक्रवारीच विचारलं, "सर, तुमची सहावी ना यंदा? पिशवी बाजूला काढून ठेवू?"

कुठलाही प्रयोग वर्गात करण्याआधी घरी करून बघायची त्याला सवय होती. रविवारी सकाळी त्याने ओट्यावर चार लिंबं मांडली. तारा जोडल्या. बल्ब लावला. बल्ब लागला नाही.

त्याने तारा घासून पुसून पुन्हा लावल्या. लिंबं तळहाताखाली रगडून मऊ केली. बल्ब गेलेला असेल म्हणून विजेरीतल्या सेलवर लावून बघितला, तर झटकन लागला. मग चाराची सहा लिंबं केली, सहाची दहा. बायको चहा ठेवायला आली तेव्हा ओट्यावर कप ठेवायला जागा नव्हती.

"आईला फोन कर ना," ती म्हणाली.

तो म्हणाला, तूच कर. ती म्हणाली, पुस्तक तुझं, सासू तुझी, मी कशाला मध्ये पडू. वर तिने आठवण करून दिली की आई बुधवारी येणारच आहे. शिक्षकांच्या कुठल्याशा प्रशिक्षणासाठी त्यांना याच शहरात यायचं होतं आणि मुक्काम अर्थातच मुलीकडे. 

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याने थोरल्या सरांना गाठलं. थोरले सर म्हणजे शाळेतले सगळ्यात जुने विज्ञान शिक्षक. निवृत्तीला टेकलेले, आवाज खणखणीत, आणि सहावीची दुसरी तुकडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. त्याने आडून आडून विचारलं, लिंबावर बल्ब लागायला जरा वेळ लागतो का? थोरले सर त्याला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत घेऊन गेले, कपाट उघडलं आणि एक लाकडी फळी बाहेर काढली. वरच्या बाजूला लिंबं ठेवायला चार खोलगट जागा. त्यांच्याजवळून दोन बारीक तारा फळीतल्या भोकांतून खाली उतरलेल्या, आणि खाली चिकटपट्टीने बसवलेले दोन सेल.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. लिंबं वर, सेल खाली, पुढून काही दिसत नाही. परीक्षेचा पेपर मंडळाकडून येतो आणि त्यात दर वर्षी प्रश्न असतो, लिंबांना जोडल्यावर बल्बचं काय होतं. उत्तर, प्रकाशतो. दोन गुण. आता ज्या मुलाने वर्गात बल्ब न लागलेला बघितला, ते मूल काय लिहिणार? आपल्या पोरांचे दोन गुण का घालवायचे? बहुतेक शाळांत अशी फळी असते, सर म्हणाले. एकमेकांना कोणी विचारत नाही, एवढंच.

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, मायाच होती.  मंगळवारी त्याने ती फळी काखेत मारली आणि वर्गात गेला.

फळी टेबलावर ठेवून, मुलांकडे दर्शनी बाजू करून त्याने चार लिंबं त्या खोलगट जागांत बसवली. मुलं पिशव्या भरभरून लिंबं घेऊन आली होती. खिळ्यांचा खुळखुळाट चालला होता. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची, तिला सगळा वर्ग ‘प्रश्नचिन्ह’ म्हणायचा. तिने हात वर केला आणि विचारलं, पुस्तकात लिहिलंय विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे, मग सरांनी कशाला मांडलंय?

त्याने पुस्तक उघडून बघितलं. लिहिलं होतं खरं. सासूबाईंच्या मंडळाने गेल्याच सुधारणेत ते वाक्य घातलं होतं आणि प्रशिक्षणात त्यावर अख्खा दिवस भाषणं झाली होती. त्याने पुस्तक मिटलं. मग लिंबं काढली, फळी कपाटात सरकवली आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. करा सुरू."

दहा मिनिटांत वर्गभर लिंबाचा वास सुटला, आणि एकाही बाकावर बल्ब लागला नाही. हळूहळू आवाज कमी होत गेला. मुलं एकमेकांच्या बाकाकडे बघायला लागली. प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच चुकलंय. मागच्या बाकावरचा एक मुलगा तर बल्ब दप्तरात टाकून, आपला लागला असा चेहरा करून बसला.

तेव्हा त्याने सांगून टाकलं. "माझ्याही घरी लागला नाही. दहा लिंबं लावून बघितली."

वर्गात जणू धरण फुटलं. सरांचाही लागला नाही म्हणजे चूक आपली नाही. मग कोणाची? लिंबाची, खिळ्याची, बल्बची, की पुस्तकाची? सगळ्यांनी आपापली लिंबं एकत्र करायचं ठरवलं. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, खिडकीच्या कडेने वळून परत दारापर्यंत लिंबांची रांग लागली. शेजारच्या वर्गातले गणिताचे शिक्षक डोकावून गेले. बल्ब लागला नाहीच. पण एवढा आरडाओरडा, एवढी धावपळ, एवढं "थांब, थांब, ती तार सुटली" त्याने आपल्या वर्गात कधी ऐकलं नव्हतं. घंटा झाली तरी कोणी उठेना. तक्त्याप्रमाणे पुढच्या तासाला त्याच धड्यातलं चुंबक होतं. मुलांनी विचारलं, आता गुरुवारी चुंबक का?

"नाही," तो म्हणाला. "गुरुवारीही लिंबंच. काय काय करून बघता येईल, विचार करून या."

भिंतीवरच्या तक्त्याकडे त्याने मुद्दामच बघितलं नाही.

बुधवारी संध्याकाळी सासूबाई आल्या. दारातूनच त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि खूश झाल्या. "अकरावा आठवडा," त्या म्हणाल्या. जेवताना विषय निघालाच. सहावीच्या पुस्तकातला हा त्यांचा सगळ्यात लाडका धडा. जुन्या अभ्यासक्रमातून त्यांनी तो हट्टाने नव्यात आणला होता. त्या सांगायला लागल्या की त्या स्वतः सहावीत असताना त्यांच्या बाईंनी हा प्रयोग दाखवला होता. टेबलावर लिंबं, आणि बाईंच्या बोटांत तो एवढासा बल्ब लागलेला. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी ठरवलं की आपण विज्ञानच शिकायचं. सांगताना त्यांचा चेहरा अकरा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. जावई खाली मान घालून ताटातला भात या कडेचा त्या कडेला करत होता.

"आई," बायको म्हणाली, "तो बल्ब लागत नाही."

"लागतो. मी डोळ्यांनी बघितलाय."

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. त्याने हळूहळू सगळं सांगितलं, रविवारचं आणि मंगळवारचं. त्या ऐकत राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त हात धुतले, बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "लिंबं आहेत ना घरात?"

घरात लिंबांशिवाय दुसरं काही नव्हतं. सासूबाईंनी एकेक तार स्वतः खरवडली, खिळे घासले, लिंबं पिळली, उलटी केली, बल्ब बदलला. त्यांची कामाची पद्धत बघून त्याला मनातून बरं वाटलं. त्याच्याहून दुप्पट नीटनेटक्या होत्या आणि बल्ब तरी लागत नव्हता. शेवटी त्या खुर्चीवर बसल्या आणि विचारलं, "मग बाकीचे शिक्षक काय करतात?"

त्याने कुणाचं नाव न घेता फळीबद्दल सांगितलं.

सासूबाईंनी एक लिंबू उचलून पुन्हा ओट्यावर ठेवलं. त्यांची नजर ओट्यावर होती, पण त्या बघत होत्या कुठेतरी दुसरीकडेच.

"आमच्या बाईंच्या टेबलावर मेजपोश होता," त्या म्हणाल्या. "जमिनीपर्यंत लोळणारा, हिरवा. एरवी कधी नसायचा. त्याच दिवशी होता."

आणि त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मेजपोश, मेजपोश, एवढंच त्यांना बोलता येत होतं. मुलीने पाण्याचा पेला पुढे केला तर त्यांना तो धरता येईना. जावई आधी घाबरून बघत होता. पण सासूबाई अशा हसत असताना गंभीर राहणं कुणालाच जमलं नसतं. तोही हसायला लागला.

"म्हणजे बघ," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "त्या मेजपोशाखालच्या सेलवर माझं सगळं आयुष्य लागलं. आणि मी तोच मेजपोश देशभर वाटला." मग थोड्या शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या तुझ्या वर्गात आले तर चालेल का रे?"

त्यांनी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आणि बायकोच्या मात्र आलं.

गुरुवारी सासूबाई शेवटच्या बाकावर बसल्या. पाहुण्या आहेत, एवढंच त्याने मुलांना सांगितलं. मुलांना पाहुण्यांकडे बघायला वेळच नव्हता. कोणी बटाटे आणले होते, कोणी टोमॅटो, कोणी व्हिनेगरची बाटली, एकाने आजोबांचा जुना कॅल्क्युलेटर. आणि प्रश्नचिन्हाने आणला होता एक बूट. तिच्या धाकट्या भावाचा, जुना, पाऊल टाकलं की टाचेत लाल दिवा लुकलुकायचा तसला. टाच फोडून तिने आतला दिवा काढून घेतला होता. तिचं म्हणणं असं, की हा दिवा भावाच्या बुटात एवढ्याशा बटनासारख्या सेलवर वर्षभर लागत होता, म्हणजे याला फार खायला लागत नाही. विजेरीचा बल्ब खादाड असणार. लिंब बिचारं जोर लावतंय, पण त्याच्याकडे आहेच थोडं.

तो ऐकत राहिला. हे त्याला समजावून सांगायचं होतं आणि त्यासाठी त्याने आकृतीही काढून आणली होती. आकृती त्याने घडी करून खिशात ठेवली.

चार लिंबं जोडली. दिवा लावला. काही नाही. प्रश्नचिन्हाचा चेहरा उतरला. मग तिच्या शेजारच्या मुलाने तारांची अदलाबदल करून बघितली, कारण त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"लागला," तो म्हणाला, आणि ते इतक्या हळू म्हणाला की आधी कोणाला कळलंच नाही.

असला दिवा एकाच दिशेने जोडला तर लागतो, हे मुलांना तेव्हा कळलं. उजेड फारच थोडा होता. खिडक्या बंद केल्या तरी धड दिसेना, म्हणून मुलांनी लिंबं बाकाखाली नेली आणि वर चार-पाच स्वेटर टाकले. मग त्या अंधारात पाळीपाळीने डोकी घालायला रांग लागली. रांग मोडली, ढकलाढकली झाली, आणि बघता बघता सासूबाई गुडघ्यांवर बसून, मुलांच्या घोळक्यात डोकं घालून बाकाखाली शिरल्या. आत एक टिपूस लाल उजेड होता. खाली सेल नव्हता, मेजपोश नव्हता.

"आजी, दिसतोय का?" कोणीतरी विचारलं.

"दिसतोय," त्या म्हणाल्या. त्यांना बाहेर यायची घाई नव्हती. मागच्यांनी तक्रार केली तेव्हा कुठे त्या निघाल्या.

त्यानंतर प्रश्नचिन्हाने तो प्रश्न विचारला, ज्याची त्याला सकाळपासून धास्ती होती. पुस्तकात बल्ब लागतो असं का लिहिलंय?

तो तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ते मी लिहिलंय."

मुलांनी वळून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. पुस्तक कोणीतरी माणूस लिहितो, आणि तो माणूस गुडघ्यांची धूळ झटकत आपल्या वर्गात उभा असतो, हे त्यांना नवीन होतं.

"मग तुम्ही करून नव्हतं बघितलं?"

"नाही."

"का?"

सासूबाईंनी खरोखरच विचार केला. "मला वाटलं, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

प्रश्नचिन्हाला ते पटलं असावं. तिने मान डोलावली आणि लगेच व्यवहारावर आली : परीक्षेत काय लिहायचं? सासूबाई म्हणाल्या, तो प्रश्न यंदा येणार नाही, ते मी बघते. त्यावर वर्गाने बाकं वाजवली.

बोलणं सोपं होतं, करणं कठीण. मंडळात एक ओळ बदलायची तर समिती, उपसमिती, शेरे, सह्या. सासूबाईंनी नंतर फोनवर सगळं सांगितलं. एक सदस्य म्हणाले, इतकी वर्षं देशभर बल्ब लागतोय, आताच काय झालं? सासूबाईंनी वाद घातला नाही. पुढच्या बैठकीला त्या टोपलीभर लिंबं घेऊन गेल्या आणि प्रत्येकापुढे चार-चार ठेवली. अध्यक्षांच्या कोटावर रस उडाला. उपाध्यक्षांनी दुसऱ्याचं लिंबू घेतलं म्हणून तंटा झाला. बल्ब कोणाचाच लागला नाही. मग सासूबाईंनी एक लाल दिवा पुढे केला आणि समितीच्या खोलीतल्या बत्त्या घालवल्या. ठराव त्याच बैठकीत मंजूर झाला. असं मंडळात कधी झालं नव्हतं म्हणे.

पुढच्या वर्षी सुधारित पान सगळ्या शाळांत आलं. ‘बल्ब मंद प्रकाशतो’ ही ओळ गेली होती. तिच्या जागी होतं : ‘काय होते ते विद्यार्थी शोधतील. बल्ब न लागल्यास तो का लागला नाही, यावर वर्गात बोलावे.’ आणि त्याखाली सगळ्यात मोठी गोष्ट होती. या धड्यासाठी आता एकाऐवजी दोन आठवडे मिळाले होते. दुसरा आठवडा यंत्रांच्या भागांची नावं पाठ करण्याच्या धड्यातून कापला होता आणि त्याबद्दल देशभरातून एकाही मुलाची तक्रार आली नाही.

थोरल्या सरांनी ते पान शिक्षकांच्या खोलीत दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि वर्गावर गेले. तास संपून पुढचा तास सुरू झाला तरी ते परतले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या आणि केसात लिंबाची बी अडकली होती.

"मला आज पोरांनी बोलूच दिलं नाही," ते म्हणाले, आणि हे सांगताना इतके खूश दिसत होते की कोणी त्यांना बी काढायला सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सासूबाई बॅग घेऊन आल्या त्या पंधरवड्यासाठी. बॅगेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. सहावीच्या पुस्तकातला प्रत्येक प्रयोग जावयाबरोबर स्वतः करून बघायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. घरात एकही बादली रिकामी राहिली नाही. न्हाणीघरात बिया भिजत होत्या, बाल्कनीत सावल्या मोजल्या जात होत्या, आणि बायकोला रोज दुकानातून आल्यावर आधी कुठे पाय टाकायचा ते विचारावं लागायचं.

एका संध्याकाळी ती आली तेव्हा दोघं परातीतल्या पाण्यावर वाकून बसले होते. पुठ्ठ्याची एवढीशी होडी, तिच्या मागच्या खाचेत साबणाचा थेंब. पुस्तकात लिहिलं होतं, होडी पुढे सरकते. होडी सुर्रकन पुढे गेली आणि परातीच्या काठाला लागली.

दोघांचे चेहरे पडले.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं.

"झालं ना," तो म्हणाला. "पुस्तकात लिहिलंय तसंच."

सासूबाईंनी उसासा टाकला, होडी उचलून पुन्हा काठाशी ठेवली आणि खाचेत नवा थेंब सोडला. होडी जागची हलली नाही. त्यांनी आणखी एक थेंब सोडला. होडी तशीच.

सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. जावयाने पाण्याकडे बघितलं. पाणी तेच होतं, होडी तीच होती, साबणही तोच.

"आत्ता तर गेली होती," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आनंदाने थरथरत होता. "खुर्ची ओढ ग तू पण. आणि त्याला ते पाणी बदलू देऊ नकोस, आधी सगळ्यांना नीट बघू दे."